हेळवाकच्या वळणावर

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणाऱ्या नद्यांत कोयनेचा स्वभाव कांहींसा निराळा आहे. कृष्णा पूर्वेची वाट धरते, सावित्री कोंकणांत उडी घेते; कोयना मात्र सह्याद्रीच्या दोन रांगांमधून सुमारें ६५ किलोमीटर दक्षिणेकडे चालत येते, आणि हेळवाक येथें पोंचल्यावर एकाएकीं काटकोनांत पूर्वेस वळून पाटणच्या बाजूनें कराडास कृष्णेच्या भेटीला निघते. नकाशावर हें वळण मोठें ठसठशीत दिसतें. प्रत्यक्ष रस्त्यानें जाणाऱ्याला मात्र तें जाणवत नाहीं, कारण हेळवाक हें कोणी मुद्दाम उतरावें असें गांव नाहीं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जाणारी मंडळी येथें चहा घेतात, एस. टी.च्या गाड्या दोन मिनिटें थांबतात, आणि उजव्या हाताला कोयनानगरचा फाटा सोडून सर्वजण पुढें जातात. आम्हीही आजवर दहा-बारा वेळां असेच पुढें गेलों होतों. तेथें मुक्काम करण्याचा योग आला तो एका रबरी पट्ट्याच्या कृपेनें.

१२ डिसेंबर २०२३ रोजीं, मंगळवारीं सकाळीं, आम्ही तिघें म्हणजे मातुःश्री, सौ. आणि मी पुण्याहून निघालों. गुहागरचा व्याडेश्वर हें आमचें कुलदैवत. आईला ८४ वें वर्ष लागलें होतें, आणि मार्गशीर्ष लागतांच देवदर्शन घडावें असें तिनें नवरात्रापासून मनांत धरिलें होतें. साताऱ्यापुढें उंब्रजला महामार्ग सोडला व मल्हारपेठेवरून पाटणचा रस्ता धरला. या दिवसांत हें खोरें फार देखणें असतें. भाताचीं खाचरें कापून झालेलीं, त्यांत पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या, नदीकांठीं उंसाचे हिरवे पट्टे, आणि दहा वाजून गेले तरी डोंगरांच्या कुशींत धुकें रेंगाळत असलेलें. आईनें पाटणपर्यंत अथर्वशीर्षाचीं आवर्तनें पुरीं केलीं व मग थर्मासमधील कॉफी मागितली. सर्व कांहीं यथास्थित चाललें होतें.

गाडीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ती लहानशी, पांच माणसांची, पेट्रोलवर चालणारी, आठ लक्षांच्या आंतली. २५ नोव्हेंबर २०२० रोजीं ती नवी घेतली. तीन वर्षें अथवा एक लक्ष किलोमीटर, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तेथपर्यंत कंपनीची वॉरंटी. कंपनीचें नांव मी येथें देत नाहीं; त्यानें वाचकांच्या ज्ञानांत पडेल त्याहून अधिक भर वकिलांच्या कामांत पडेल. गाडी तीन वर्षांत ४१,३०० किलोमीटर चालली होती. प्रत्येक सर्व्हिसिंग ठरल्या तारखेस, कंपनीच्याच अधिकृत वर्कशॉपमध्यें झालेलें होतें. कोणत्या दिवशीं कोणत्या प्रतीचें तेल किती घातलें, याच्या पावत्या एका निळ्या फाईलींत क्रमानें लावलेल्या होत्या. अशा फाईली ठेवण्याची संवय आमच्या घरांत तीन पिढ्यांची आहे. तिची थट्टा करणाऱ्या तरुण नातेवाईकांनीं पुढील मजकूर सावकाश वाचावा.

हेळवाक मागें टाकून घाटमाथ्याकडील चढाला लागलों, तोंच समोरच्या तबकडींत तेलाच्या किटलीचें लाल चिन्ह पेटलें. मीं तत्काळ गाडी कडेला घेतली. परंतु किल्ली फिरविण्यापूर्वींच आंतून लोखंडावर हातोडी मारावी तसा टक्‌ टक्‌ आवाज पांच-सहा वेळां झाला, एक हिसका बसला, आणि इंजिन आपण होऊन बंद पडलें. झांकण उघडून तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल खुणेपर्यंत बरोबर होतें. म्हणजे तेल होतें, पण तेलाचा दाब नव्हता. माणसाच्या अंगांत रक्त असावें आणि हृदय थांबावें, तसा तो प्रकार होता.

रस्त्याकडेच्या टपरीवाल्यानें दोन खुर्च्या आणून आईला व सौ. ना सावलींत बसविलें, चहा दिला आणि मग विचारलें, ‘‘आजी, आवशेला गाडी काढली व्हय?’’ त्या दिवशीं कार्तिकी अमावास्या होती, आणि तीही मंगळवारची. आईनें चहाचा घोट घेऊन शांतपणें उत्तर दिलें, ‘‘अहो, एस. टी. काय अमावास्येला डेपोंत ठेवतात?’’ टपरीवाला हंसला. पुढचे दोन दिवस तो आमचा सर्वांत उपयोगी सल्लागार झाला, हें येथेंच नमूद करतों.

रस्त्यावर गाडी बंद पडल्यास मदत पाठविण्याचा कंपनीचा एक दूरध्वनि क्रमांक असतो. पलीकडील तरुण मोठ्या आदबीनें बोलला. त्यानें गाडीचा क्रमांक विचारला, थोडा वेळ थांबला, आणि सांगितलें कीं, आपली वॉरंटी २४ नोव्हेंबरला संपली असून रस्त्यावरील मदतीची योजनाही तिच्याबरोबरच संपली आहे. आईनें बोटांवर मोजलें. अठरा दिवस. ‘‘अठरा दिवसांत भारतीय युद्ध संपलें,’’ ती म्हणाली, ‘‘यांची जबाबदारीसुद्धां तेवढ्यांतच संपली म्हणायची.’’

त्या रात्रीं आम्ही कोयनानगरास एका साध्या लॉजमध्यें उतरलों. डिसेंबरांत येथें संध्याकाळ लवकर पडते, आणि धरणाच्या बाजूनें येणारा गारवा शाल भेदून आंत शिरतो. पावसाळ्यांत या भागांत पांच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याचें सांठलेलें पाणी शिवसागर जलाशयांत त्या वेळीं अंधारांत पसरलेलें होतें. जलाशयाची सांठवण सुमारें १०५ टी. एम. सी., धरणाची उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरांहून थोडी अधिक. दुसऱ्या दिवशीं सौ. व आई नेहरू उद्यानांतून धरण पाहून आल्या. तेथून तें समोर संपूर्ण दिसतें. खोऱ्यांतल्या ज्या गांवांवर हें पाणी उभें आहे, त्यांतील माणसें ठाणें, रायगड, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत नेऊन वसविलीं गेलीं. त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे अर्ज अद्याप कचेऱ्यांतून फिरत आहेत, असें लॉजच्या चालकांनीं सांगितलें. त्यांचे आजोबाही त्यांतलेच एक.

आईला मात्र वेगळीच तारीख आठवत होती. ११ डिसेंबर १९६७. त्या वेळीं ती कराडास मुलींच्या शाळेंत शिक्षिका होती. मी दोन वर्षांचा होतों. पहाटे साडेचारच्या सुमारास फडताळांतील पितळी भांडीं एकामागून एक खालीं आलीं, आणि कोणीतरी घर धरून हलवीत आहे असें वाटून तिनें मला पांघरुणासकट उचलून अंगणांत आणलें. पुढें कित्येक रात्री सगळी आळी अंगणांत झोपत असे. सकाळीं कोयनानगरची बातमी आली. त्या भूकंपांत पावणेदोनशेंच्या आसपास माणसें दगावलीं, कोयनानगरांतील बहुतेक घरें पडलीं, आणि धरणाच्या वरच्या अंगास, जेथें बांधाचा उतार बदलतो त्या पातळीवर, आडव्या भेगा पडल्या. विजेचा पहिला संच १९६२ सालीं चालू झाला होता. म्हणजे धरण अगदीं तरुण होतें.

पुढें काय झालें, तें आई निजल्यावर मीं मोबाईलवर बराच वेळ वाचीत बसलों. भेगा पडल्या हें कोणी लपविलें नाहीं. त्या कोठें पडल्या, किती लांब गेल्या, याचीं मोजमापें घेतलीं, तीं जगभरच्या अभियंत्यांपुढें ठेवलीं. भेगा भरल्या, आणि कमकुवत भागांच्या पाठीला काँक्रीटचे भक्कम टेंकू दिले. मोठ्या जलाशयाच्या भारानें भूकंप संभवतो कीं काय, या प्रश्नाचा अभ्यास करणारा आजही कोयनेचें उदाहरण घेतल्यावांचून पुढें जात नाहीं. ज्यांनीं बांधलें त्यांनीं आपल्या कामाचे दोष स्वतःच्या सहीनें लिहून ठेविले. सकाळीं ज्याच्याशीं बोललों त्या तरुणाच्या आदबशीर आवाजाची मला त्या रात्रीं पुन्हां पुन्हां आठवण होत होती.

१३ तारखेस टपरीवाल्यानें जोडून दिलेल्या सपाट ट्रकवर गाडी चढविली व पन्नास-पंचावन किलोमीटर मागें कराडास नेली. भाडें ९,००० रुपये. गाडी नेली ती एका मिस्त्रींच्या गॅरेजांत. हे गृहस्थ साठीचे, हातावर काळ्या तेलाच्या रेषा कायमच्या उमटलेल्या, बोलणें मोजकें. मला वाटलें, ते लगेच पाने घेऊन इंजिन उघडतील. त्यांनीं पाना हातांतसुद्धां घेतला नाहीं.

‘‘साहेब, मी ही उघडणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी उघडली कीं कंपनी म्हणणार, बाहेरच्या मिस्त्रीनं बिघडवली. तुम्ही ती त्यांच्याच वर्कशॉपला न्या, आणि उघडताना समोर उभे राहा. मी फक्त बघून सांगतो.’’

तेल घालण्याच्या तोंडाचें बूच काढून त्यांनीं आंत बॅटरीचा प्रकाश पाडला आणि मला वांकून पाहावयास सांगितलें. आंत एक काळा रबरी पट्टा तेलांत न्हालेला दिसत होता. त्याची पाठ सुकलेल्या तळ्याच्या तळासारखी भेगाळली होती, आणि दात असावयाचे तेथें दोन बोटें रुंदीचा भाग सपाट झाला होता.

या पट्ट्याचें काम काय, हें मिस्त्रींनीं मला सांगितलें तसें सांगतों. इंजिनाच्या खालच्या अंगास क्रँकशाफ्ट फिरतो, वरच्या अंगास झडपा उघडणारा कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमचा बरोबर एक व्हावा लागतो. त्यांत चूक झाली तर वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो. जुन्या गाड्यांत ही सांगड लोखंडी सांखळी घाली, किंवा इंजिनाच्या बाहेर बसविलेला कोरडा रबरी पट्टा. सांखळी जड व थोडी बोलकी. कोरडा पट्टा स्वस्त, परंतु ठराविक मुदतीनें बदलावयाचा. गेल्या पंधरा-एक वर्षांत कांहीं कारखान्यांनीं एक युक्ति काढली. पट्टा रबराचाच, पण इंजिनाच्या आंत, तेलांत भिजत फिरणारा. घर्षण कमी, आवाज कमी, थोडें इंधनही वांचतें. आमच्या गाडीच्या पुस्तिकेंत या पट्ट्याचें आयुष्य दहा वर्षें अथवा दीड लक्ष किलोमीटर असें छापलेलें आहे.

अडचण तेलांत येते. शहरांत भाजी, बँक, दवाखाना अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्या होतात. तेवढ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं, आणि न जळलेल्या पेट्रोलचा थोडा अंश कडेनें तेलांत उतरतो. लांबच्या प्रवासांत तो उडून जातो; छोट्या फेऱ्यांत सांचत राहतो. पेट्रोल हें रबराचें वैरी. पट्टा फुगतो, चिरतो, त्याचे बारीक कण सुटतात, आणि तळाच्या पात्रांतील गाळणीच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी बुजली म्हणजे पंपाला तेल मिळत नाहीं. पंपाला नाहीं म्हणजे बेअरिंगांना नाहीं. तेल खुणेपर्यंत भरलेलें, आणि बेअरिंगें कोरडीं! तो लोखंडी टक्‌ टक्‌ आवाज त्यांचा. शेवटीं उरलेले दात गेले, पट्टा घसरला, झडपा वांकल्या. शहरांत वापरण्यासाठीं म्हणूनच जी गाडी विकली जाते, तिला शहरांतला वापरच सोसूं नये, हें वाचून कोणास हंसूं येईल. मला त्या गॅरेजांत उभें असतांना आलें नाहीं.

‘‘यंदाची ही तिसरी,’’ मिस्त्री म्हणाले, आणि फळीवरून एक कांचेची बाटली काढून दाखविली. तिच्यांत घट्ट तेलांत काळे कण होते, चहाच्या चोथ्यासारखे. आधींच्या दोन गाड्यांतले.

गाडीला तेथून अधिकृत वर्कशॉपच्या आवारांत पोंचवून, ती माझ्या गैरहजेरींत उघडूं नये असें लेखी देऊन व त्याची पोंच घेऊन, मी संध्याकाळीं कराडच्या प्रीतिसंगमावर थोडा वेळ बसलों. कोयना व कृष्णा येथें समोरासमोर येऊन मिळतात. दोन नद्यांची अशी गांठ क्वचित् पाहावयास मिळते. तेथेंच यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे. मात्र मन पाण्यांत नव्हतें. वर्कशॉपच्या सल्लागारानें जातां जातां आंकडा सांगितला होता. नवें इंजिन १,८४,००० रुपये, मजुरी २२,००० रुपये. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत दोन लक्ष ही रक्कम सहज उभी राहत नाहीं. ती कोठून यावयाची तें मला ठाऊक होतें. आईच्या नांवें एक मुदतठेव होती, आणि ती मोडण्याची गोष्ट निघाली कीं ती मला बोलूं देणार नाहीं, हेंही ठाऊक होतें.

रात्रीं कोयनानगरास परतलों, तों आईचा बेत ठरलेला होता. ‘‘गाडी मेली म्हणून देव कांहीं हलला नाही,’’ ती म्हणाली. ‘‘उद्यां सकाळची एस. टी. धरूं.’’ सौ. नीं तिच्या गुडघ्यांचा विषय काढून पाहिला. त्याचा उपयोग झाला नाहीं.

१४ तारखेस हेळवाकच्या थांब्यावर चिपळूणची गाडी मिळाली. कंडक्टरनें दाराजवळची जागा रिकामी करून आईला बसविलें. कुंभार्ली घाट मीं इतक्या वेळां स्वतः गाडी चालवीत उतरलों होतों कीं, तो मीं कधीं पाहिलाच नव्हता असें त्या दिवशीं ध्यानांत आलें. माथ्यावरून खालीं कोंकण एकदम उघडें पडतें. निळ्या धुरकट टेंकड्यांची ओळ, मध्यें वाशिष्ठीचें खोरें, आणि वळणावळणाला हवा उबदार होत गेलेली. घाटाच्या पोटांत मात्र त्याहून मोठी नवलाई आहे. पूर्वेकडे वळलेल्या कोयनेचें पुष्कळसें पाणी माणसानें डोंगर पोखरून पश्चिमेस नेलें आहे. तें पोफळीच्या बाजूस भूगर्भांतील वीजघरांत कोसळतें, पुढें कोळकेवाडीस पुन्हां अडविलें जाऊन तेथेंही वीज देतें, आणि अखेर वाशिष्ठींतून अरबी समुद्रास मिळतें. सर्व टप्पे मिळून १,९६० मेगावॉटची योजना. चौथ्या टप्प्यासाठीं जलाशयाच्या तळालाच भोंक पाडून पाणी घेण्याचा प्रयोग १९९९ सालीं झाला व २०१२ सालीं पुन्हां केला गेला. जी नदी आपण होऊन बंगालच्या उपसागराकडे निघाली होती तिचें पाणी आमच्याबरोबर गुहागरच्या दिशेनें येत होतें, याची आईला मोठी गंमत वाटली.

व्याडेश्वराचें दर्शन १५ तारखेस सकाळीं झालें. मधलें शंकराचें देऊळ व कोपऱ्यांतील चार लहान देवळें, असें तें पंचायतन आईनें हळूहळू पुरें फिरून पाहिलें. देवापुढें तिनें काय मागितलें तें तिनें सांगितलें नाहीं. १६ रोजीं आम्ही एस. टी.नेंच पुण्यास परतलों.

आतां कागदांचा भाग. तो रुक्ष आहे, पण ज्यांच्या घरीं गाडी, शीतकपाट किंवा पंप आहे त्यांनीं तो वाचावा.

वॉरंटी ही कंपनीनें आपण होऊन दिलेली हमी असते. तिची मुदत संपली म्हणजे बनावटींतच असलेल्या दोषाची जबाबदारीही संपली, असें कायदा म्हणत नाहीं. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. त्यांत सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचें स्वतंत्र प्रकरण आहे. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे जातां येतें, आणि ग्राहक जेथें राहतो तेथेंही दावा मांडतां येतो. कंपनीच्या दूरच्या कचेरीच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. वस्तूसाठीं दिलेली किंमत पांच ते दहा लक्षांच्या दरम्यान असेल तर फी २०० रुपये. त्याआधीं सल्ला हवा असल्यास १९१५ हा राष्ट्रीय साहाय्य-क्रमांक आहे. परंतु दोष बनावटींतला होता हें दाखविण्याचें ओझें ग्राहकाच्या शिरावर असतें, आणि पुष्कळ तक्रारी तेथेंच गळतात. म्हणून मोडलेला भाग हाच खरा साक्षीदार. तो भंगारांत गेला कीं प्रकरण संपलें. प्रयोगशाळेंत तपासल्यावांचून दोष ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून तपासणीस पाठवूं शकतो. मात्र त्यासाठीं नमुना शिल्लक असावा लागतो.

माझ्या पहिल्या पत्रास कंपनीचें उत्तर दोन ओळींचें आलें. वॉरंटी संपली, दिलगीर आहोंत. दुसऱ्या पत्रासोबत मीं निळ्या फाईलींतील सर्व पावत्यांच्या प्रती, तेलाच्या प्रतीच्या नोंदी, बुचांतून घेतलेलीं छायाचित्रें आणि पुस्तिकेंतील दीड लक्ष किलोमीटरांचें पान जोडलें, व एवढाच प्रश्न विचारला कीं, जो पट्टा दीड लक्षापर्यंत टिकावयाचा तो ४१ हजारांवर चिरला; ही चीर त्या अठरा दिवसांतच पडली असें आपलें म्हणणें आहे काय? या प्रश्नाचें उत्तर आजतागायत आलेलें नाहीं. त्याऐवजीं ‘सद्भावनेनें’ सुट्या भागांची निम्मी किंमत सोसण्याची तयारी आली. अटी दोन. जुने भाग आधीं कंपनीच्या स्वाधीन करावयाचे, आणि आमचें पूर्ण समाधान झालें असें लिहून द्यावयाचें.

निम्मी किंमत म्हणजे ९२ हजार रुपये सुटत होते. घरांत चर्चा झाली. सौ. चें मत, घ्यावें आणि मोकळें व्हावें. वर्षानुवर्षें तारखा कोण मोजणार? तिचें म्हणणें अव्यवहारी नव्हतें. आयोगापुढील तक्रार कायद्यांत सांगितलेल्या महिन्यांत निकालीं निघते असें कोणताही वकील शपथेवर सांगणार नाहीं. आईनें दोघांचें ऐकून घेतलें आणि विचारलें, ‘‘ते पैसे देताहेत कीं पट्टा विकत घेताहेत?’’

तो प्रश्न मला सुटेना. मीं उत्तर पाठविलें कीं, इंजिन दोन्ही पक्षांसमक्ष उघडावें, तेथेंच पंचनामा करावा, मग पुढचें बोलूं. अन्यथा वकिलांमार्फत नोटीस येईल. नोटीस पाठवावी लागलीच. तिच्यानंतर तीन आठवड्यांनीं कंपनीचे एक तरुण अभियंते वर्कशॉपवर आले. माझ्या बाजूनें कराडचे मिस्त्री धुतलेला पांढरा सदरा घालून हजर होते. तळाचें पात्र उतरविलें. गाळणीची जाळी काळ्या कणांनीं इतकी बुजली होती कीं, तिच्यांतून प्रकाश येत नव्हता. अभियंत्यांनीं ती हातांत घेऊन खिडकीकडे धरली, बराच वेळ पाहिली, आणि कांहीं न बोलतां टेबलावर ठेविली. मिस्त्रींनीं फक्त एवढें विचारलें, ‘‘साहेब, तुम्ही स्वतःसाठी ही गाडी घेतली आहे का?’’ तरुण मनुष्य भला होता. तो हंसला, पण उत्तर देणें त्यानें टाळलें. पंचनाम्यावर मात्र त्यानें जें दिसलें तेंच लिहून सही केली, आणि मला वाटतें, त्या सहीनेंच पुढचें काम झालें.

मे २०२४ मध्यें कंपनीचें पत्र आलें. ‘कोणताही दोष मान्य न करतां, विशेष बाब म्हणून’ इंजिनाची संपूर्ण किंमत कंपनी देईल. मजुरी मीं द्यावी. मीं ती द्यावयास तयार झालों, परंतु सोबतच्या पावतीच्या मसुद्यांत ‘पूर्ण समाधान’ हे शब्द पुन्हां होतेच. आईनें तो कागद मागून घेतला, चष्मा लावला, आणि ३० वर्षें मुलींच्या वह्या तपासलेल्या हातानें ते दोन शब्द लाल शाईनें खोडून वर लिहिलें, ‘इंजिन मिळालें. मजुरी व वाहतूक यांविषयींचा हक्क राखून.’ तसाच कागद मीं सही करून पाठविला. कंपनीनें तो मुकाट्यानें स्वीकारला. राहिलेल्या ३१,००० रुपयांसाठीं मीं जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली. सौ. चें मत असें कीं, त्या रकमेपेक्षां माझे रिक्षाभाडें अधिक होईल. तिनें त्याचा हिशेब ठेवावयास एक वेगळी फाईल काढली आहे.

आईची मुदतठेव मोडावी लागली नाहीं.

नव्या इंजिनांतही पट्टा तेलांतलाच आहे. मिस्त्रींच्या सल्ल्यावरून आम्ही तेल आतां पुस्तिकेंतील अंतराच्या निम्म्यावरच बदलतों, वर्षांतून दोनदां बुचांतून आंत पाहतों, आणि पेठेंतील कामें पायीं करतों. पुढच्या मार्गशीर्षांत कराडावरून जातांना गॅरेजांत डोकावलों, तों बाटली फळीवर होती. पंचनाम्याच्या दिवशीं अभियंत्यांच्या परवानगीनें पात्राच्या तळांतून चिमूटभर कण मिस्त्रींनीं मागून घेतले होते, तेही तिच्यांत पडले होते. बाटलीवर चिकटविलेल्या कागदावर गाड्यांचे नंबर किंवा मालकांचीं नांवें लिहिलेलीं नाहींत, नुसते किलोमीटर लिहिले आहेत: ३८,६००, ५२,१००, ४१,३००. आणि त्यांच्याखालीं, नव्या शाईनें, ४७,९००.